मदत हवी आहे: जर्मनीत वर्षभर स्वयंसेवक म्हणून जायचंय. एजंट, व्हिसा आणि बाबा

कन्नमवारनगर_२३

नमस्कार मंडळी,

इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबलाय, सांभाळून घ्या.

मी विक्रोळीची. बीकॉम झालं, दीड वर्ष झालं पवईच्या एका कंपनीत बिलं तपासते. पगार ठीक, माणसं ठीक, घरापासून बस थेट. सोडण्यासारखं तिथे काही नाही, हे आधीच सांगते, नाहीतर पहिला प्रतिसाद तोच येईल.

कॉलेजात एनएसएस घेतलं ते दहा मार्कांसाठी. वर्षाला १२० तास भरायचे, सह्या घ्यायच्या, संपलं. दुसऱ्या वर्षी जव्हारकडे सात दिवसांचं शिबिर झालं. सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरून वनराई बंधारा घातला. घरापासून लांब झोपलेल्या माझ्या आयुष्यातल्या रात्री एवढ्याच. त्यानंतर आमच्या युनिटतर्फे जवळच्या विशेष मुलांच्या शाळेत जायला लागले आणि मार्क मिळून गेले तरी जात राहिले. आता दर दुसऱ्या-चौथ्या शनिवारी जाते.

तिथे एक १४ वर्षांचा मुलगा आहे, बोलत नाही. त्याला शर्टाचं बटण लावायला शिकवायचं मी मनावर घेतलं. दोन महिने. तो रडायचा, मी पण घरी येऊन चिडचिड करायची. एक दिवस बाईंनी ते पाहिलं आणि म्हणाल्या, ‘अगं, बटण कुणाला हवंय? त्याला स्वतः शर्ट घालता यायला हवा. वेलक्रो शिवून आण.’ पुढच्या खेपेला वेलक्रो लावला आणि त्यानं दहा मिनिटांत शर्ट घातला. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. नुसती माया असून भागत नाही, यातलं शिक्षण लागतं, हे तेव्हा कळलं.

त्याच शाळेत एक जर्मन मुलगी वर्षभर होती. वय १९. त्यांच्याकडे २००८ पासून ‘वेल्टवेर्ट्स’ नावाची सरकारी योजना आहे, त्यातून ती आली होती. मुलांची नाकं पुसायची, सेकंड क्लासनं यायची, बाईंना मराठीत ‘थांबा’ म्हणायची. तिनंच सांगितलं की उलट्या दिशेनंही जाता येतं, त्यांच्याकडच्या ‘सामाजिक वर्षा’साठी बाहेरची मुलंही घेतात. तेव्हापासून काळा घोड्याला मॅक्स म्युलर भवनात जर्मन शिकतेय. ए१ ही पहिली पातळी झाली, ए२ चालू आहे.

आता अडचणी. दादरच्या एका एजंटनं ‘जागा पक्की’ म्हणून १ लाख ८५ हजार सांगितलेत, २० हजार टोकन या महिनाअखेर. कागदावर संस्थेचं नाव नाही, ‘टोकन भरल्यावर कळवू’ म्हणतो. हे असंच असतं का? शिवाय तिथे खरंच काही शिकवतात की नुसतं राबवतात? आणि परत आल्यावर त्या वर्षाला इथे कोण विचारणार?

घरी अजून धड सांगितलेलं नाही. बाबा बेस्टमध्ये ड्रायव्हर आहेत. त्यांनी महाराष्ट्र सरकारच्या जर्मनीशी झालेल्या कराराची बातमी वाचलीय, त्यामुळे ‘जर्मनी’ म्हटलं की त्यांना पगार दिसतो. पगार नाही, हातखर्च मिळतो, हे कसं सांगायचं? आजीला फक्त अंदाज दिला. ती म्हणाली, ‘तिकडे म्हाताऱ्यांचं करायला जाणार, आणि इथे माझं औषध आणायला तुला उद्या चालतं.’

हे शेवटचं लागलंय. कारण मला खरंच कळत नाहीये की मला हे काम करायचंय, की दहा बाय पंधराच्या खोलीतून एकदा एकटीनं बाहेर पडायचंय.

हातोडा

टोकन देऊ नका. बाकीचं नंतर वाचेन.

हातोडा

वाचलं. आता सविस्तर. परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटला १९८३ च्या एमिग्रेशन कायद्याखाली परवाना लागतो. परवानाधारकाला उमेदवाराकडून जास्तीत जास्त ३० हजार रुपये अधिक जीएसटी घेता येतात. ई-मायग्रेट या सरकारी साइटवर परवाना क्रमांक तपासता येतो. तुमचं काम नोकरीत मोडत नाही म्हणून ही मर्यादा मला लागू नाही, असं तो म्हणेल. म्हणू द्या. त्याला परवाना क्रमांक आणि संस्थेचं नाव लेखी मागा. गप्प बसला तर उत्तर मिळालं.

तो ‘आधी टुरिस्ट व्हिसावर जा, मग बघू’ म्हणाला तर उठून या. शेंगेन (जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांचा सामायिक) टुरिस्ट व्हिसा १८० दिवसांत ९० दिवसांचा, आणि त्यावर असलं काम चालत नाही. तुम्हाला नॅशनल व्हिसा लागेल. त्याची फी ७५ युरो आहे. १ लाख ८५ हजारांतले बाकीचे कुठे जातात, त्यालाच विचारा.

नदीकिनारी

मी नाशिकचा. काही वर्षांपूर्वी स्टुटगार्टजवळ दिव्यांग प्रौढांच्या निवासी घरात एक वर्ष काढलं, म्हणून लिहितो.

आधी नावं. ‘एफएसजे’ म्हणजे सामाजिक वर्ष, ते २७ वर्षांच्या आतल्यांसाठी. ‘बीएफडी’ म्हणजे केंद्र सरकारची स्वयंसेवा, तिला वरची वयोमर्यादा नाही. तुमच्या वयाला दोन्ही जवळपास सारखंच: किमान ६ महिने, सहसा १२, पूर्ण वेळ. अर्ज कारितास, डियाकोनी, जर्मन रेडक्रॉस अशा संस्थांकडे थेट करता येतो. मधे एजंट लागत नाही. व्हिडिओवर मुलाखत होते. बॅचेस बहुतेक ऑगस्ट-सप्टेंबरला सुरू होतात, म्हणून वर्षभर आधी हातपाय हलवा. ए२ वर थांबू नका, बी१ करा. वेल्टवेर्ट्सची उलटी वाटही आहे, १८ ते २८ वयासाठी. पण तिथे तुम्हाला भारतातल्या भागीदार संस्थेनं पाठवावं लागतं. ती मुलगी ज्या संस्थेतर्फे आली होती, तिथे आधी विचारा. युरोपियन सॉलिडॅरिटी कोर या युरोपीय संघाच्या स्वयंसेवा योजनेची जाहिरात दिसेल, त्यात वेळ घालवू नका. भारतात राहणाऱ्यांना त्यात स्वयंसेवक म्हणून जाता येत नाही.

शिकवतात की राबवतात? दोन्ही. जर्मनीत पूर्वी लष्करात जायला नकार देणारी मुलं त्याऐवजी इस्पितळांत, वृद्धाश्रमांत काम करायची. २०११ मध्ये सक्तीची भरती थांबली आणि ते हात गेले. बीएफडी त्याच वर्षी १ जुलैला सुरू झालं. तेव्हा तुमची गरज त्यांनाही आहे, हे डोक्यात ठेवून जा. अंघोळ घालणं, डायपर, चादरी, जेवण भरवणं, भांडी, हे सगळं आलं. पण १२ महिन्यांत २५ दिवस सेमिनार असतात, ते कायद्यानं आहेत. आठवडाभर सगळे स्वयंसेवक एकत्र राहतात आणि कामावर काय चुकलं ते मोठ्यानं बोलतात. आपल्याकडे चूक मोठ्यानं बोललेली मी फक्त भांडणात ऐकली होती.

माझीच एक सांगतो. आमच्या घराची दर मंगळवारी टीमची बैठक असायची. एका रहिवाशाला एकट्यानं बसनं जाऊ द्यायचं का, असा विषय होता. माझ्याकडे वळून विचारलं, तुझं काय मत? मी म्हटलं, तुम्ही म्हणाल तसं. त्या बाईंनी इतिवृत्तात लिहिलं: ‘याला मत नाही.’ मी नम्रपणा दाखवत होतो हो! पुढच्या मंगळवारपासून रात्री बसून मत तयार करायला लागलो, आणि ते जर्मनमध्ये पाठ करायला. पहिले दोन महिने कुणाला नीट कळलं नसेल, कारण मॅक्स म्युलरची जर्मन आणि तिथली श्वेबिश बोली म्हणजे पाठ्यपुस्तकातली मराठी आणि मालवणी. डिसेंबरच्या आधी स्वतःहून डॉक्टरची अपॉइंटमेंट फोनवर घेतली, तो माझा खरा निकाल.

नोव्हेंबर वाईट असतो. साडेचारला अंधार, रविवारी दुकानं बंद. मी एकदा नुसता स्टेशनवर जाऊन बसलो होतो, गर्दी बघायला. तर तीच नव्हती.

सायलेंट_रीडर

माझं मत वेगळं आहे, राग मानू नका.

विशेष मुलांचं काम करायचंय तर ‘डी.एड. स्पेशल एज्युकेशन’ किंवा पुढे बी.एड. इथेच करा. भारतात या क्षेत्रात विशेष शिक्षक म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी लागते, १९९२ चा कायदा आहे. जर्मनीतलं सामाजिक वर्ष ही पदवी नाही, पदविकाही नाही. त्यावर नोंदणी मिळणार नाही. मुंबईतच शिवडीला ‘जय वकील’ १९४४ पासून हे काम करतेय. वेलक्रोचं जे तुम्हाला कळलं ते विक्रोळीत कळलं, आणि शिकवलं ते इथल्याच बाईंनी.

आणि तो सरकारी करार (२०२४, बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी) कुशल कामगारांच्या नोकऱ्यांसाठी आहे. बाबांच्या डोक्यात दोन्ही एक होऊ देऊ नका. व्हिसाच्या मुलाखतीत तर अजिबात नको. बरेच जण हे वर्ष पुढे तिथलं तीन वर्षांचं नर्सिंगचं प्रशिक्षण घ्यायची शिडी म्हणून वापरतात. त्यात गैर काही नाही, पण पत्रात सेवाभाव आणि मनात शिडी असं असेल तर ते दिसतं.

नदीकिनारी

@सायलेंट_रीडर, नोंदणीबद्दल शंभर टक्के मान्य. पण पदविका घेण्याआधी हे काम रोज आठ तास झेपतं का, ते कळायलाही जागा लागते. महिन्यातून दोन शनिवार फार गोड असतात.

सायलेंट_रीडर

मग आधी इथे आठ तास करून बघू दे की! त्याला विमान कशाला?

जुना_सभासद

दोघेही बरोबर बोलताय, पण मुलीचा शेवटचा परिच्छेद कुणी वाचलेला दिसत नाही.

बाळ, ‘मला सेवा करायचीय की बाहेर पडायचंय’ हा प्रश्न तुझ्या वयात सुटत नाही आणि सोडवायची घाईही नाही. दोन्ही असू दे. पिएर सेरेसोल नावाच्या स्विस माणसानं पहिल्या महायुद्धानंतर, १९२० साली, व्हर्दंजवळ उद्ध्वस्त गाव बांधायला वेगवेगळ्या देशांची माणसं नेली. त्यातून ‘सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल’ उभी राहिली. १९३४ च्या भूकंपानंतर तो बिहारलाही आला. घरून बाहेर पडावंसं वाटलं नसतं तर त्यातलं काही झालं नसतं. ही संस्था आजही दोन-तीन आठवड्यांची शिबिरं घेते. राहणं-जेवण तिथलं, प्रवास आपला. वर्षभराची उडी जड वाटत असेल तर तेही बघ.

अवांतर: पुण्यात १९६६ पासून गर्ल गाइड्सचं ‘संगम’ हे जागतिक केंद्र आहे. तिथे जगभरच्या मुली राहायला आणि स्वयंसेवा करायला येतात. त्यांच्या आज्या काय म्हणत असतील?

बाबांना मात्र लपवून काही करू नकोस. आणि आजीचं औषध आजच आण.

कन्नमवारनगर_२३

सगळ्यांचे आभार. उत्तराला तीन आठवडे लागले.

टोकन दिलं नाही. संस्थेचं नाव लेखी मागितलं तर एजंट म्हणाला, ‘मॅडम, विश्वासावर काम चालतं.’ त्याचा रोज सकाळी गुलाबाचा फोटो यायचा. ब्लॉक केलं.

@सायलेंट_रीडर, तुमचा राग आला होता, दोन दिवस. मग ऑफिसात आठ दिवस रजा टाकली आणि शाळेत रोज पूर्ण वेळ गेले. तिसऱ्या दिवशी एका मुलीनं जेवण अंगावर सांडलं आणि मी तिच्यावर ओरडले. शनिवारी असं कधी झालं नव्हतं. बाईंना सांगितलं, त्या म्हणाल्या, ‘उद्या ये.’ गेले. आठही दिवस गेले. पदविकेचा अर्जही घेऊन ठेवलाय, आधी ते की आधी हे, ते अजून ठरत नाही.

त्या जर्मन मुलीला लिहिलं. तिनं एका संस्थेचा पत्ता दिला, त्यांनी कराराचा नमुना पाठवला. तो घेऊन बाबांसमोर बसले. वाटलं होतं पगारावरून वाजेल. पण बाबांनी चष्मा लावला आणि पहिलं विचारलं, ‘फंड कापतात का?’ मी शोधलं. आजारपण, पेन्शन, अपघात, सगळ्या विम्याचे हप्ते संस्था भरते म्हणून लिहिलंय. बाबा ‘बरं’ म्हणाले. मग रोज रात्री जेवणानंतर एक-एक कलम मी जर्मनमध्ये वाचायचं आणि मराठीत सांगायचं, असं चालू झालं. आई म्हणते, दहावीला एवढा अभ्यास घेतला असता तर.

काल एका शब्दावर अडलो. स्वयंसेवकाला ‘आनलाइटुंग’ मिळेल असं लिहिलंय. म्हणजे अनुभवी माणूस हाताखाली घेऊन काम दाखवेल. बाबा म्हणाले, ‘म्हणजे डेपोत नव्या ड्रायव्हरशेजारी जुना बसवतात तसं.’ आणि मग म्हणाले, ‘पण किती दिवस बसवतात, ते लिहिलेलं नाही.’

@नदीकिनारी, तुमच्याबरोबर ते माणूस खरंच रोज असायचं का? किती महिने? बाबांना आकडा हवाय.