शब्दचर्चा: वेढ्यात पाडलेल्या नाण्याला काय म्हणावं?

प्रश्न:
इंग्लंडच्या यादवी युद्धातल्या न्यूअर्क गावाच्या वेढ्यावर (१६४५-४६) एक लेख मराठीत लिहितोय. आत चार्ल्स राजाची शिबंदी, बाहेर पार्लमेंटचं आणि स्कॉटिश सैन्य. शिपायांना द्यायला रोकड उरली नाही, तेव्हा चांदीची ताटं-भांडी कापून त्या तुकड्यांवर ठसे मारले. या नाण्यांना मी 'आणीबाणीची नाणी' म्हटलं होतं. मसुदा वाचून बहिणीने विचारलं, "म्हणजे १९७५ ची का रे?" तेव्हा दुसरा शब्द सुचवा. 'वेढ्याची नाणी' चालेल का?

प्रतिसाद १:
'आणीबाणी' शब्दाचा बिचाऱ्याचा काही दोष नाही, पण आता तो एका सालाला जखडला गेलाय. 'वेढ्याची'त मात्र वेगळीच गोची आहे. दसऱ्याला सोन्याचं वेढणं घेतात ना, त्याला कुणी वेढंही म्हणतं. 'वेढं' आणि 'वेढा' दोन्हींचं सामान्यरूप 'वेढ्या-'. त्यामुळे 'वेढ्याची चांदी' म्हटलं की निम्मे लोक सराफकट्ट्यावर पोचतील. सरळ समास करा: वेढानाणं. 'घोडागाडी'त घोडा राहतो तसा वेढाही राहू दे.

प्रतिसाद २:
'घोडेस्वार'मध्ये नाही राहत. मग 'वेढेनाणं' म्हणायचं का? :) असो, वेढानाणंच बरं वाटतं कानाला.

प्रतिसाद ३:
फ्रेंचमध्ये या नाण्यांना 'मोने ऑब्सिदिओनाल' म्हणतात, लॅटिन 'ऑब्सिदिओ' म्हणजे वेढा, त्यावरून. न्यूअर्कच्या नाण्यावर एका बाजूला मुकुट आणि राजाची आद्याक्षरं, दुसऱ्या बाजूला 'ओबीएस' आणि गावाचं नाव असतं. ते 'ओबीएस' म्हणजे हेच. मूळ क्रियापद 'ऑब' अधिक 'सेदेरे', समोर बसणे. हा 'सेद' आणि संस्कृतातला 'सद्' सख्खे भाऊ. उपनिषदातही तोच बसलाय! मराठीने गावाभोवतीचं कडं पाहिलं, लॅटिनने समोर ठाण मांडून बसलेला माणूस पाहिला. आपल्याकडचं सावकाराचं धरणं त्या लॅटिन कल्पनेच्या जास्त जवळ जातं. पण 'धरणनाणं' म्हटलं तर लोक कोयना समजतील, तेव्हा ते सुचवत नाही.

प्रतिसाद ४:
वर सगळे वेढ्यातच अडकलेत. जर्मनमध्ये दोन वेगळे शब्द आहेत आणि तो फरक मराठीत आणण्यासारखा आहे. 'बेलागेरुंग्समुंत्स' म्हणजे वेढ्यातलं नाणं. 'नोटमुंत्स' त्याहून मोठी जात, यातला 'नोट' म्हणजे गरज, तंगी. आपली 'नड'! अडीनडीला काढलेलं ते नडनाणं. पहिल्या महायुद्धापासून १९२३ पर्यंत जर्मन गावांनी जे कागदी पैसे काढले, त्यांच्या नावातही हाच 'नोट' आहे. तिथे वेढा कुठे होता? म्हणजे प्रत्येक वेढानाणं हे नडनाणं, उलट मात्र नाही. लेखात दोन्ही शब्द वापरा.

नडीचं उदाहरण हवं तर जर्मनीतल्या लांदाऊचा वेढा, १७०२. फ्रेंच किल्लेदार मेलाकने शिपायांचे पगार भागवायला स्वतःची चांदीची ताटं-भांडी कापायला दिली आणि तुकड्यांवर शिक्के मारले. याच मेलाकने आधी पॅलाटिनेट या जर्मन मुलखात इतकी जाळपोळ केली होती की तिकडे लोक कुत्र्याला त्याचं नाव ठेवत. त्यामुळे त्याच्या दातृत्वाचं फार कौतुक नको.

प्रतिसाद ५:
आकाराबद्दल कुणीच बोललं नाही. न्यूअर्कची नाणी गोल नाहीत, शंकरपाळीसारखी आहेत. कारणही शंकरपाळ्यांचंच: गोल कापले तर मध्ये कातरण उरते, तिरके चौकोन कापले तर जवळजवळ काही वाया जात नाही. ३०, १२, ९ आणि ६ पेन्सची नाणी आहेत, काहींवर मूळ ताटावरचं राजचिन्ह अजून पुसट दिसतं. अशा चौकोनी तुकड्यांना जर्मनमध्ये 'क्लिपे' म्हणतात आणि तो शब्द कातरणे या अर्थाच्या स्वीडिश क्रियापदावरून आल्याचं सांगतात. मी 'कातरनाणं' म्हणेन. व्हिएन्नाला तुर्कांनी १५२९ मध्ये वेढा घातला तेव्हाचीही अशीच चौकोनी. पण कार्लाइलची १६४५ ची गोल आहेत, म्हणून 'कातरनाणं' हा शब्द सगळ्यांना लावू नका.

प्रतिसाद ६:
एक शंका. १५७४ मध्ये स्पॅनिश वेढ्यात हॉलंडमधल्या लायडन शहराने चर्चच्या पुस्तकांची पानं एकावर एक डकवून कागदाची नाणी केली. ते नाणं की नोट?

प्रतिसाद ५ (पुन्हा):
मराठी क्रियापदच याचा निकाल लावतं. नाणं पाडतात, नोट छापतात. लायडनला कागदाच्या चकत्या ठशाखाली ठेवून ठोकल्या, म्हणजे नाणंच पाडलं. १९०० साली दक्षिण आफ्रिकेतल्या मॅफेकिंगच्या वेढ्यात छापल्या त्या नोटा.

प्रश्नकर्ता:
मथळ्यात 'वेढानाणी', आत एकदा 'नडनाणं' समजावून सांगतो, 'कातरनाणं' फक्त न्यूअर्कसारख्यांना. बहिणीला 'शंकरपाळी' सगळ्यात आवडली.

आता शेवटचं अडलंय. जानेवारी १६४९ मध्ये चार्ल्सचं डोकं उडवलं, तरी पाँटफ्रॅक्टचा किल्ला लढतच होता आणि मुलाच्या नावाने नाणी पाडत होता. त्यावर लॅटिनमध्ये लिहिलंय: पित्याच्या मृत्यूनंतर, पुत्रासाठी. हे शब्दशः ठेवलं तर मृत्युपत्रातली ओळ वाटते.

प्रतिसाद ३ (पुन्हा):
'थोरल्यांच्या पश्चात, धाकट्यांसाठी.' नाण्यावर मावायला हवं हे लक्षात ठेवा.

प्रश्नकर्ता:
'पश्चात' घेतो. थोरले-धाकटे नको, लोक साताऱ्याला जातील.