जुना ट्रॉली जॅक वजन उचलतो, पण धरत नाही. सील गेलंय की व्हॉल्व्ह?

नमस्कार मंडळी,

घरी ३ टनी ट्रॉली जॅक आहे, लांब दांड्याचा, चाकांवर ढकलायचा. वडिलांनी जालन्याच्या एका बंद पडलेल्या गॅरेजातून जुनाच घेतलेला. कंपनीची पट्टी कधीच निघून गेलीय, त्यामुळे सील किट कोणत्या नावानं मागायचं इथूनच अडचण. गाव परभणीपासून बरंच आत. ट्रॅक्टरचं पुढचं चाक, ट्रॉली आणि जीप, एवढ्यालाच जॅक लागतो, पण लागतो तेव्हा दुसरं काही चालत नाही.

दांडा मारला की वजन नीट उचलतो. मग हळूहळू खाली बसायलाय. सकाळी गारव्यात जरा तग धरतो. दुपारी पत्र्याच्या शेडमध्ये तापलं की हातातला चहा संपायच्या आत खाली. बाहेर मात्र गळती नाही. रॅम (वजन उचलणारा दट्ट्या) कोरडा आहे, पंपाच्या दांडीपाशी थोडा ओलसरपणा, बास. दांडा पिळून रिलीज व्हॉल्व्ह (जॅक खाली सोडायचा) कितीही आवळला तरी फरक नाही.

तेल काढून काचेच्या बाटलीत रात्रभर ठेवलं, तर वर काळपट तेल आणि तळाला पिवळसर वेगळा थर. ते पाणी आहे की आधीच्या मालकानं ब्रेक ऑइल ओतलेलं?

इथला मिस्त्री म्हणतो भंगारात घाला, नवा घ्या. पण बाजारात आता मिळणाऱ्या स्वस्त जॅकचा पत्रा बघितला तर याची बॉडी फेकवत नाही. सगळं खोलायच्या आधी सुरुवात कुठून करू? आणि सील मापावर मिळतात का?

प्रतिसाद

वाळूजला हायड्रॉलिक प्रेसच्या मेंटेनन्सला आहे, म्हणून सांगतो. किटच्या मागे लगेच लागू नका. रॅमचं सील गेलं असतं तर बहुतेक जॅकमध्ये तेल रॅमच्या तोंडाशी बाहेर दिसतं. तुमचा रॅम कोरडा आहे, म्हणजे तेल आतल्या आत टाकीत परत जायलंय.

आधी फुकटातली तपासणी. दांडा पिळतो तेव्हा मधल्या जोडातून व्हॉल्व्ह फिरतो. तो जोड झिजला की आपल्याला वाटतं आवळला, आणि व्हॉल्व्ह अर्धा उघडाच असतो. दांडा काढा, पान्यानं थेट व्हॉल्व्हच आवळा. बेतानं, पाईप लावून नाही. मग वजन देऊन बघा.

तरी बसला, तर पंपाच्या दांडीकडे लक्ष ठेवा. वजनाखाली दांडा आपोआप वर येत असेल, तर पंप आणि सिलेंडरच्या मधला छर्रा, म्हणजे तेल मागं येऊ न देणारी पोलादी गोळी, धरत नाहीये. दांडा जागचा हलत नसेल, तर संशय रिलीज व्हॉल्व्हच्या छर्र्यावर, नाहीतर सिलेंडरच्या बुडाच्या वॉशरवर.

खोलताना वजन पूर्ण उतरवलेलं पाहिजे, आणि सॅडल (वजनाखाली टेकणारी वाटी) मागे ओढणाऱ्या स्प्रिंगा आधी सांभाळून काढा. खाली परात ठेवा, छर्रे कुठं उडतील सांगता येत नाही. दोन छर्र्यांचं माप वेगळं असू शकतं, एकात मिसळू नका. छर्रा जिथं टेकतो त्या सीटवर चरा दिसला तर जुना छर्रा जागेवर ठेवा, त्यावर पितळी रॉड धरा आणि हातोडीचा एकच हलका ठोका द्या. मग तो छर्रा टाकून नवा बसवा. छर्रे बेअरिंगच्या दुकानात मिळतात, फक्त वर्निअर लावून जा. ६ मिमी आणि पाव इंच, म्हणजे ६.३५, डोळ्यांना सारखेच दिसतात.

एक स्क्रू मात्र हलवायचा नाही: ओव्हरलोड व्हॉल्व्हचा. जॅकची वजनाची मर्यादा तोच सांभाळतो.

प्रतिसाद

तळाच्या थराचा थेंब जुन्या रंगवलेल्या पत्र्यावर ठेवा. थोड्या वेळानं रंग फुगला, सुटला तर ब्रेक ऑइल. तसं निघालं तर सगळी रबरं बदलाच, गळत नसली तरी. साधी नायट्राइल रबरं त्यात फुगून मऊ पडतात. ओ-रिंगला आतला व्यास आणि जाडी अशी दोन मापं द्या. यू-सील बसवताना ओठ दाबाच्या बाजूला. परभणी-नांदेडला जेसीबीची सीलं विकणारे मापावर देतात, नावाची गरज नाही.

तेल हायड्रॉलिकचं, ३२ किंवा ४६. हा आकडा ४० अंशांना मोजलेल्या घट्टपणाचा असतो, आणि आपल्याकडे मे महिन्यात शेड त्याच्याही वर जातं. मी ४६ वापरतो. तुमचा जॅक दुपारी लवकर बसतो तो याचमुळे: तेल पातळ झालं की त्याच फटीतून जास्त निसटतं. रॅम पूर्ण आत असताना तेल भरायच्या भोकाच्या खालच्या कडेपर्यंत भरा, मग व्हॉल्व्ह उघडा ठेवून दांडा भराभर हलवून हवा काढा.

प्रतिसाद

काळ्या रानात वापरत असाल तर जरा जपून. ट्रॉली जॅकचं सॅडल वर जाताना गोलाईत सरकतं, म्हणून जॅकनं चाकांवर पुढं यायला हवं. चाकं मातीत रुतली की सॅडल ॲक्सलवरून घसरतं. काँक्रीटवरच उचला, मागच्या चाकाला दोन्हीकडून उटी लावा. आणि नुसत्या जॅकच्या भरवशावर खाली शिरू नका, दुरुस्तीनंतरही. घोडी, म्हणजे जॅक-स्टँड, हवीच.

धागाकर्ता

आभार सगळ्यांचे. जोडात ढिलाई होतीच, पण थेट आवळूनही बसला. दांडा जागचा हलला नाही. रंग सुटला, म्हणजे ब्रेक ऑइलच. खोलला तर रिलीजच्या छर्र्यावर गोल खाच, माप ६.३५. सीट ठोकून घेतली, ओ-रिंगा आणल्या. सिलेंडरच्या बुडाला तांब्याचा वॉशर आहे, तसल्या मापाचा कुठं मिळेना. तोच परत चालेल का?

प्रतिसाद

चिरलेला नसेल तर चालेल. दोन्ही बाजू काचेवर बारीक पॉलिश पेपर ठेवून सपाट घासा, गॅसवर मंद लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात सोडा. तांबं मऊ होतं आणि आवळल्यावर पुन्हा नीट बसतं. काळी पापडी पुसूनच लावा.