बॅकगॅमन: डोकं किती, दान किती?

नांदेडचा फासा: फासे टाकून सोंगट्या हलवायचा बॅकगॅमन हा डोक्याचा खेळ, हे ऐकून कान किटले. संभाजीनगरच्या परवाच्या पाच गुणांच्या मॅचचंच बघा. मी ४-२ वर. समोरच्याची एक सोंगटी मार खाऊन बारवर, म्हणजे पटाच्या मधल्या पट्टीवर; तिला माझ्या आतल्या सहा घरांतूनच परत यायचं. माझी आतली पाच घरं बंद, सहाव्यात माझी एकटी सोंगटी. ३६ पैकी ११ दानांवरच तो तिला मारून आत येणार. आला! तो डाव गेला, पुढचाही गेला, मॅच गेली. समोरचा चक्क नवखा. बुद्धिबळात मुरलेल्याला असं कुणी लोळवतं का?

उदगीरकर: सहाव्या घरात एकटी सोंगटी काय फाशानं ठेवली? आधीच क्यूब द्यायचा, म्हणजे डावाचे गुण दुप्पट करायचं आव्हान: घे, नाहीतर डाव सोड. २५ टक्केही आशा नसलेल्यानं गुमान डाव सोडला असता.

नांदेडचा फासा: ४-२ म्हणलो ना! क्रॉफर्डचा डाव. कुणी जिंकायला एका गुणावर आला की लगेचच्या डावात क्यूब चालत नाही. आणि सोंगटी तिथं ठेवल्याबिगर घर बंद कसं करू?

सेलूची ताई: भाऊ, तो डाव दानानंच नेला, मान्य. पुढच्या डावाचं सांगा.

नांदेडचा फासा: त्याला पहिलंच ३-१ पडलं, त्यानं पाचवं घर बांधलं. माझं दान फुसकं. त्यानं लगेच क्यूब दिला, मी घेतला.

सेलूची ताई: मॅच तिथं गेली. सोडला असता तर ४-४, मग शेवटचा डाव बरोबरीनं सुरू. घेतलात, म्हणजे दोन गुणांचा तोच डाव शेवटचा ठरला, आणि तो पिछाडीवरून खेळलात. क्रॉफर्डनंतर मागं असलेल्यानं क्यूब द्यायला वेळ लावायचा नसतो, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. नवखा म्हणे!

नांदेडचा फासा: फरक कितीचा हो ताई? थोडक्या टक्क्यांचा. ११ दानांतलं एक पडलं, त्याचा घाव केवढा?

जालन्याचा मोंढा: मी नांदेडकरांच्या बाजूनं. १९७९ ला माँटे कार्लोत हान्स बर्लिनरच्या कॉम्प्युटर प्रोग्रामनं जगज्जेत्या लुइजी व्हिलाला ७-१ हरवलं. नंतर खेळी तपासल्या तर सरस खेळला होता व्हिलाच. दान आपल्या बाजूनं पडलं, हे खुद्द बर्लिनरनं मान्य केलं.

उदगीरकर: सात गुणांत असंच होणार. २५ ची मॅच लावा, मग बोला. आणि १९९२ च्या सुमारास आयबीएमच्या जेराल्ड टेसॉरोचा टीडी-गॅमन हा प्रोग्राम स्वतःशीच लाखो डाव खेळून मोठ्या खेळाडूंच्या तोडीला आला. नशीब शिकता येतं काय?

अंबाजोगाईचा: काय भांडायलाव राव! १९६८ ला सुप्रीम कोर्टानं रमीला प्रामुख्यानं कौशल्याचा खेळ म्हणलं. कोणतं पान धरायचं, कोणतं टाकायचं, यात डोकं लागतं म्हणून. खटला जुन्या हैदराबाद जुगार कायद्याखालचा, म्हणजे आपल्या निजामाच्या मुलखातला! पत्ते पिसले म्हणून कुणी रमीला नुसतं नशीब म्हणलं नाही.

सेलूची ताई: पाच गुणांची मॅच ठेवायचीच कशाला? अकरा ठेवा. आणि मॅच झाली की एक्सट्रीम गॅमन या खेळ्या तपासणाऱ्या प्रोग्राममध्ये घालून दोघांच्या चुका मोजा.

नांदेडचा फासा: अकरा गुण खेळत बसायचं तर नांदेडची गाडी कोण थांबवणार? अन् चुका मोजून ट्रॉफी वाटणार का? ट्रॉफी तर ज्याला दान पडलं तोच घेऊन गेला.