मदत हवी आहे: बॅश प्रॉम्प्टमध्ये गिटची ब्रांच जुनीच राहते, लांब ओळ स्वतःवरच उमटते

उबुंटू, डब्ल्यूएसएल २ वर (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय), बॅश ५ (टर्मिनलमध्ये कमांड चालवणारं शेल). .बॅशआरसीमध्ये (बॅश सुरू होताना वाचतं ती फाईल) पीएस१, म्हणजे प्रॉम्प्टचा मजकूर ठरवणारं चल, बदलून फोल्डरच्या नावापुढे हिरव्या रंगात $(__गिट_पीएस१) टाकलं आहे. हे फंक्शन गिटची (कोडमधले बदल नोंदवणारी प्रणाली) चालू ब्रांच, म्हणजे कामाची शाखा, दाखवतं. नावं इथे देवनागरीत लिहितोय, फाईलमध्ये अर्थातच मूळ रोमन अक्षरांत आहेत. अडचणी तीन:

१. साध्या टर्मिनलमध्ये ब्रांच दिसतच नाही. एडिटरच्या आतल्या टर्मिनलमध्ये दिसते, पण ब्रांच बदलली तरी नाव जुनंच. .बॅशआरसी पुन्हा सोर्स केली (बॅशला नव्याने वाचायला लावली) की त्या क्षणाची ब्रांच येते आणि तिथेच अडकते.

२. कमांड लांब झाली की खालच्या ओळीवर न जाता त्याच ओळीच्या सुरुवातीवर उमटायला लागते. वरचा बाण दाबून जुन्या कमांड बघताना आधीच्या कमांडची अक्षरं मागे उरतात.

३. सुमारे ६०,००० फाईलींचा एक रेपो (गिटने सांभाळलेलं प्रोजेक्टचं फोल्डर) सी ड्राइव्हवर आहे. तिथे नुसतं एंटर दाबलं तरी प्रॉम्प्ट परत यायला दोन-तीन सेकंद लागतात. प्रॉम्प्टमध्ये बदललेल्या आणि नव्या फाईलींची, दोन्ही चिन्हं चालू आहेत.

प्रतिसाद १

पहिल्या अडचणीचं कारण तुम्हीच लिहिलं आहे: सोर्स केल्यावर त्या क्षणाची ब्रांच येते. पीएस१ची किंमत डबल कोटमध्ये आहे, म्हणून $(...) फाईल वाचतानाच एकदा चालतं आणि त्याचं उत्तर कायमचं चिकटतं. साधं टर्मिनल होम फोल्डरमध्ये उघडतं, तिथे रेपो नाही, म्हणून रिकामं. एडिटरचं टर्मिनल रेपोतच उघडतं, म्हणून तेव्हाची ब्रांच. सिंगल कोट करा, म्हणजे दर प्रॉम्प्टला ते नव्याने चालेल. झेड शेलमध्ये (बॅशऐवजी वापरतात ते दुसरं शेल) सिंगल कोटही पुरत नाहीत, प्रॉम्प्ट_सब्स्ट हा पर्याय सेटऑप्टने चालू करावा लागतो.

दुसरी अडचण रंगाच्या कोडमुळे आहे. ओळ कुठे मोडायची हे ठरवायला बॅश प्रॉम्प्टची रुंदी मोजतं. रंगाचे कोड पडद्यावर जागा घेत नाहीत, पण तसं सांगितलं नाही तर तेही मोजले जातात. प्रत्येक कोडच्या आधी \[ आणि नंतर \] हवं. हिरवा सुरू करणारा कोड आणि रंग पूर्ववत करणारा कोड, दोन्हींना. शेवटचा कोड गुंडाळायचा राहून जातो, तो आधी बघा. दिसणारा मजकूर मात्र या कंसांत घालू नका, नाहीतर रुंदी उलट कमी मोजली जाईल.

प्रतिसाद २

तिसऱ्याबद्दल. आधी त्या रेपोत 'टाइम __गिट_पीएस१' चालवून नेमका वेळ बघा. मग चिन्हं एकेक करून बंद करा आणि पुन्हा मोजा.

ब्रांचचं नाव काढणं स्वस्त आहे. * आणि + ही बदललेल्या फाईलींची चिन्हं दाखवायला गिटला माहीत असलेल्या प्रत्येक फाईलची अवस्था तपासावी लागते. % म्हणजे नव्या फाईली, त्यासाठी सगळी फोल्डरं पालथी घालावी लागतात. त्यात रेपो सी ड्राइव्हवर असेल तर डब्ल्यूएसएल २ मध्ये प्रत्येक तपासणी लिनक्सकडून विंडोजकडे जाऊन परत येते. तुमच्या बाबतीत मुख्य दोषी हेच असणार. रेपो लिनक्सच्या होम फोल्डरमध्ये नव्याने क्लोन करा (त्याची प्रत उतरवा). बाकीच्या उपायांआधी हा करा.

रेपो हलवणं शक्य नसेल तर फक्त त्या रेपोत गिट कॉन्फिगने बॅश.शोअनट्रॅक्डफाईल्स फॉल्स करा. तरी जड वाटलं तर बॅश.शोडर्टीस्टेटही फॉल्स. बाकीच्या रेपोंत चिन्हं चालू राहतील. लिनक्सच्या डिस्कवरच्या मोठ्या रेपोसाठी कोअर.अनट्रॅक्डकॅश ट्रू केल्याने फरक पडतो, कारण न बदललेली फोल्डरं पुन्हा वाचली जात नाहीत.

धागाकर्ता

१ आणि २ सुटले. रेपो होम फोल्डरमध्ये हलवला, थांबणं गेलं. आता ब्रांच आणि मागच्या कमांडचा एक्झिट कोड (ती यशस्वी झाली की नाही सांगणारा आकडा, ० म्हणजे यशस्वी) दाखवणारं स्वतःचं फंक्शन लिहून पीएस१मध्ये $(...) करून टाकलं आहे. पण \[ \] अक्षरशः पडद्यावर दिसतात आणि एक्झिट कोड नेहमी ० येतो.

प्रतिसाद १

बॅश आधी पीएस१मधल्या बॅकस्लॅशच्या खुणा उलगडतं, $(...) त्यानंतर चालवतं. फंक्शनने छापलेल्या \[ कडे तेव्हा कोणी बघत नाही. फंक्शनमधून छापायचंच असेल तर त्यांच्या जागी \००१ आणि \००२ हे बाइट छापा, रीडलाइन (टाइप केलेली ओळ हाताळणारा बॅशचा भाग) तेच ओळखतं.

त्यापेक्षा फंक्शन प्रॉम्प्ट_कमांडमधून (दर प्रॉम्प्टच्या आधी बॅश यातल्या कमांड चालवतं) बोलवा आणि पीएस१ तिथेच रचा, मग \[ \] नेहमीसारखे चालतात. एक्झिट कोडसाठी फंक्शनची अगदी पहिली ओळ $? (मागच्या कमांडचा एक्झिट कोड) जपून ठेवणारी हवी. त्याआधी गिटची एक जरी कमांड चालली तरी $? तिचा होतो, म्हणून ०. आणि प्रॉम्प्ट_कमांडमध्ये आधीपासून काही असेल तर ते पुसू नका, आपलं फंक्शन त्याच्या आधी जोडा.

प्रतिसाद ३

अशा हाताने लिहिलेल्या प्रॉम्प्टमध्ये एक धोका असतो. ब्रांचच्या नावात $ आणि साधे कंस चालतात. फंक्शनने ते नाव थेट पीएस१च्या मजकुरात चिकटवलं, तर प्रॉम्प्ट दाखवताना बॅश ते पुन्हा उलगडतं, म्हणजे दुसऱ्याच्या रेपोतली ब्रांच चेकआउट करताच तिच्या नावात दडवलेली कमांड तुमच्या मशीनवर चालू शकते. नाव एका चलात ठेवा आणि पीएस१मध्ये सिंगल कोटच्या आत फक्त चलाचं नाव $ लावून लिहा. चलातून आलेला मजकूर पुन्हा उलगडला जात नाही. गिटसोबत येणारं __गिट_पीएस१ हेच करतं.

धागाकर्ता

तसं केलं, सगळं चालतंय. एकच राहिलं: सर्व्हरवरच्या ब्रांचशी फरक दाखवणारं गिट_पीएस१_शोअपस्ट्रीम ऑटो केलं आहे, सर्व्हरवर नवे कमिट (नोंदवलेले बदल) आले आहेत, तरी =, म्हणजे फरक नाही, असं दिसतं.

प्रतिसाद २

प्रॉम्प्ट सर्व्हरला विचारत नाही. शेवटच्या फेचच्या (सर्व्हरवरचे नवे कमिट आणण्याच्या) वेळी सर्व्हरची जी अवस्था होती तिच्याशीच तुलना होते. गिट फेच करा, लगेच < दिसेल, म्हणजे तुम्ही मागे आहात. दोन्हीकडे वेगळे कमिट असतील तर <>. किती कमिटचा फरक आहे तेही हवं असेल तर ऑटोऐवजी व्हर्बोज. फेच प्रॉम्प्टमध्ये घालू नका, नेटवर्क अडकलं की प्रत्येक एंटरला टर्मिनल अडकेल.