कच्च्या बायोगॅसला जी.आय. पाइप नकोच

बायोगॅस प्लांटच्या चर्चेत एकांनी सुचवलंय की डायजेस्टरपासून (कचरा कुजवून गॅस बनवणाऱ्या बंद टाकीपासून) अपग्रेडिंग युनिटपर्यंत (गॅस शुद्ध करणाऱ्या यंत्रणेपर्यंत) जी.आय. म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी पाइप टाकला तर खर्च वाचेल. कृपया हा मोह टाळा. डायजेस्टरमधून निघालेला गॅस कोमट आणि वाफेने भरलेला असतो. पाइपात तो गार झाला की पाणी सुटतं, त्यात हायड्रोजन सल्फाइड नि कार्बन डायऑक्साइड विरघळतात आणि हे आंबट पाणी जस्त खाऊन टाकतं. आट्यांचे सांधे सगळ्यात आधी जातात, कारण आटे पाडतानाच तिथलं जस्त निघालेलं असतं. जमिनीखाली एचडीपीई (जाड प्लास्टिकचा पाइप), जमिनीवर एसएस ३१६एल (जास्त गंजरोधक स्टेनलेस स्टील) घ्या. गोव्याच्या साळगाव-कळंगुट पट्ट्यात खारी हवा बाहेरूनही पाइप खाते, तिथे ३०४ या साध्या स्टेनलेसवर लवकरच तांबूस डाग दिसू लागतात.

मला खरी काळजी वाटते ती सुटलेलं पाणी वाहून जावं म्हणून पाइपाला दिलेल्या उताराची. या लाइनमध्ये दाब जेमतेम काही मिलिबार, आणि १ मिलिबार म्हणजे साधारण १ सेंटिमीटर पाणी. पावसात आपली लाल माती खचली, एखादा सपोर्ट बसला आणि पाइपाला झोळ आला, की साचलेलं वीतभर पाणीच गॅस अडवतं. म्हणून सपोर्टला पक्कं काँक्रीट हवं, आणि प्रत्येक सखल जागी ट्रॅप (साचलेलं पाणी काढायची सोय), हात पोचेल असा.

स्टेनलेसचं वेल्डिंग करताना पाइपाच्या आतूनही आर्गॉन (तापलेल्या सांध्याला हवा लागू न देणारा वायू) सोडायला लावा. आतला सांधा चंदेरी किंवा फिकट पिवळा दिसला तर ठीक, काळा पडला असेल तर कापून पुन्हा करायला सांगा. गॅस सोडण्याआधी नायट्रोजनने लाइनमधली हवा काढा. हवेत ५ ते १५ टक्के मिथेन (बायोगॅसमधला जळणारा वायू) मिसळला की स्फोटाला ठिणगी पुरते.