सोसायटी ग्रुप: ॲपल टीव्हीवरची ‘फाउंडेशन’ मालिका बघताय? (स्पॉइलर टाकू नका!)

बी-४०२: तिसरा भाग संपला आणि डोक्याचा भुगा झाला. दोन भाग ज्यांच्यात जीव गुंतला ती माणसं गायब. आणि हे तीन राजे एकाच तोंडवळ्याचे कसे? पुस्तकं वाचलेल्यांनी सांगा. पुढचं फोडू नका 🙏

काका (ए-५०१): पुस्तकात तीन राजे नाहीतच. ही मालिकावाल्यांची भर आहे, आणि ती का घातली ते कळलं की बाकीचा गोंधळ निम्मा होतो.

मूळ लेखक आयझॅक असिमॉव्हनं या गोष्टी १९४२ ते १९५० मध्ये ‘अस्टाउंडिंग सायन्स फिक्शन’ या अमेरिकन मासिकासाठी सुट्या सुट्या लिहिल्या. त्यांची तीन पुस्तकं १९५१, १९५२ आणि १९५३ साली निघाली. दोन गोष्टींच्या मध्ये कधी ५० वर्षं जातात, कधी ३०, आणि बहुतेक वेळा पात्रं पार बदलतात. पहिल्या प्रकरणातला गाल डोर्निक पुढच्या प्रकरणात औषधालाही सापडत नाही. (हो, पुस्तकात गाल पुरुष आहे, पुढे टर्मिनस ग्रहाचा महापौर होणारा सॅल्वर हार्डिनही.) वाचणाऱ्याला हे चालतं. टीव्हीवर दर दोन भागांनी सगळे नट बदलले तर बघणारा रिमोट उचलतो. म्हणून त्यांनी नट टिकवायच्या युक्त्या काढल्या. राजा मरतो, पण त्याचा क्लोन गादीवर येतो, म्हणजे नट तोच. माणूस गोठवून झोपवला की शंभर वर्षांनी उठतो, नट तोच. राजांची सल्लागार डेमर्झेल तर यंत्रमानवच, तिला म्हातारपण नाही. आणखी एक युक्ती आहे, ती पुढे दिसेल.

बी-४०२: अच्छा! म्हणजे पोरगा, मधला आणि म्हातारा हा एकच माणूस?

काका (ए-५०१): एकाच माणसाच्या प्रती. मूळ क्लीऑन पहिला, त्याला ४०० वर्षं झाली. लहान तो डॉन, राज्य करतो तो डे, निवृत्त तो डस्क. एक मेला की सगळे एकेक पायरी वर सरकतात आणि खालून नवं बाळ येतं. प्रत्येक जण स्वतःला ‘एम्पायर’ म्हणवतो, नाव घेत नाही. वर्षं मोजत बसू नका, फक्त डे म्हातारा झालाय का ते बघा. मधे किती काळ गेला ते आपोआप कळतं.

सेक्रेटरी: उद्या रविवारी वरच्या टाक्या धुणार. सकाळी ७ ते ११ पाणी बंद. आज रात्री भरून ठेवावे.

वहिनी (डी-३०४): मी तर म्हणते ही मालिका राजाचीच आहे. टर्मिनसवरच्या वसाहतीचे भाग मी इस्त्री करत बघते, राजाचं काम करणारा ली पेस पडद्यावर आला की इस्त्री बंद. पहिल्या सीझनचा आठवा भाग चुकवू नका. राजाला एका धर्मपंथाला पटवायचंय की क्लोनलाही आत्मा असतो, म्हणून तो उघड्या अंगानं, पाण्याविना, वाळवंटातली फेरी चालतो. आपल्याकडे श्रावणातल्या तिसऱ्या सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करून आलेल्यांचे पाय बघा, तसे पाय दाखवलेत. भेगा, रक्त, सगळं. शेवटी त्याला काय दिसतं ते सांगत नाही. तो एक क्षण म्हणजे अख्ख्या सीझनची किंमत.

काका (ए-५०१): वहिनी, तो भाग उत्तमच आहे, वादच नाही. पण पुस्तकात त्यातलं एक अक्षर नाही.

वहिनी (डी-३०४): मग बिघडलं कुठे?

ताई (सी-२०३): बिघडलं कुठे ते सांगते. संख्याशास्त्रातून सांगते, कंटाळू नका.

मूळ कल्पना ‘सायकोहिस्टरी’ची. गोष्टीतला गणितज्ञ हॅरी सेल्डन या शास्त्रानं साम्राज्य कोसळणार हे ओळखतो आणि पुढची योजना आखतो. एक माणूस काय करेल ते सांगता येत नाही, पण अब्जावधींचा जमाव काय करेल ते गणितानं सांगता येतं. असिमॉव्हनं यासाठी वायूचा दाखला घेतला. एक रेणू कुठे धडकेल ते सांगणं अवघड, पण डब्यातल्या वायूचा दाब बिनचूक निघतो.

नाणं घ्या. १०० वेळा उडवलं तर छाप ५० च्या आसपास, पण तीनातल्या दोन वेळा तरी ४५ ते ५५ मध्ये. म्हणजे ५ टक्क्यांचा हेलकावा. १०,००० वेळा उडवलं तर ४,९५० ते ५,०५०, म्हणजे अर्धा टक्का. दहा लाख वेळा, तर ५०० इकडे-तिकडे, म्हणजे ०.०५ टक्के. संख्या १०० पट झाली की टक्क्यातली चूक १० पटीनं उतरते. म्हणून सेल्डनला एक गाव नको, अख्खी आकाशगंगा लागते. कुंभात अमुक माणूस रामकुंडावर कधी उतरेल हे कोणी सांगणार नाही, पण लोंढा कधी आणि कुठल्या वाटेनं येईल याचा अंदाज बांधूनच बॅरिकेड लावतात. तसंच.

आता ग्यानबाची मेख. हे गणित चालतं ते प्रत्येक नाणं स्वतंत्र पडतंय तोवरच. एक नाणं दुसऱ्याकडे बघून पडायला लागलं की संपलं. म्हणून सेल्डनची दुसरी अट अशी की जमावाला भाकीत माहीत असता कामा नये.

बी-४०२: ही अट नाही कळली. माहीत असलं तर काय होईल?

ताई (सी-२०३): लासलगावचा कांदा घ्या. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये निघतो आणि चाळीत चार-सहा महिने टिकतो. समजा कोणी पक्कं भाकीत केलं की सप्टेंबरात भाव चढणार. ते एकाच शेतकऱ्याला कळलं तर त्याची चांदी. सगळ्यांना कळलं तर सगळे चाळ बंद ठेवणार, सप्टेंबरात एकदम ट्रॅक्टरच्या रांगा लागणार आणि भाव कोसळणार. भाकीत बरोबर होतं, ते कळल्यामुळे चुकलं.

म्हणून पुस्तकात सेल्डन टर्मिनसवरच्या आपल्या वसाहतीत मुद्दाम मानसशास्त्रज्ञ पाठवत नाही. त्याचे आधी रेकॉर्ड केलेले संदेश तिजोरीतून येतात तेही संकट ऐन तोंडावर आल्यावर, जेव्हा एकच वाट उरलेली असते. मालिकेत उलट. गालला योजना माहीत, सॅल्वरला माहीत, राजाला माहीत, आणि सगळे ती एकमेकांना ओरडून सांगतात. वर दर वेळी एका खास माणसाच्या एका खास निर्णयावर आकाशगंगा वाचते. जमावाची गोष्ट होती, ती एकेका नायकाची झाली. माझी तक्रार क्लोनबद्दल नाही, या गोष्टीबद्दल आहे.

वहिनी (डी-३०४): ताई, कांदा पटला 😄 पण नायक नसलेली मालिका बघणार कोण?

काका (ए-५०१): पुस्तकात नायक आहेत, फक्त ते हातात पिस्तूल घेत नाहीत. ‘द मेयर्स’ प्रकरण बघा (१९४२ चं आहे, आता याला स्पॉइलर म्हणू नका). टर्मिनसकडे सैन्य नाही, अणुविद्या आहे. शेजारच्या राज्यांना ती हार्डिन देतो, पण धर्माचं रूप देऊन. अणुभट्टी म्हणजे देऊळ, ती चालवणारे पुजारी टर्मिनसवर शिकलेले. त्यांना कळ कुठली दाबायची ते माहीत, का ते माहीत नाही. त्यातल्याच ॲनाक्रिऑन राज्याला एक जुनी साम्राज्याची युद्धनौका सापडते, ते ती दुरुस्तीला टर्मिनसकडेच देतात आणि दुरुस्त झाल्यावर तीच टर्मिनसवर चढाईला पाठवतात. दुरुस्ती करताना आत एक रिले बसवलेला असतो. ऐन वेळी नौकेवरचा पुजारी शाप उच्चारतो, त्याच क्षणी दिवे जातात, यंत्रं थांबतात आणि खलाशी आपल्याच सेनापतीवर उलटतात. एक गोळी न झाडता युद्ध संपतं. हे पडद्यावर जसंच्या तसं यायला हवं होतं, पंधरा मिनिटांचं काम होतं. दुसऱ्या सीझनमध्ये धर्मप्रचारक घेतलेत, ते बरे जमलेत, पण ही गंमत त्यात नाही.

डी-१०२: पहिल्या भागात आकाशातली लिफ्ट पडते ना, ती तरी पुस्तकात आहे की नाही?

बी-१०१: नाही, तीही भर. पण पडण्याची तऱ्हा चक्क बरोबर दाखवली आहे. अशी लिफ्ट पृथ्वीवर बांधायची तर विषुववृत्तावरून दोर सरळ वर ३५,७८६ किमीपर्यंत न्यायचा. त्या उंचीवरची वस्तू पृथ्वीबरोबर २४ तासांत फिरते, म्हणून डोक्यावर स्थिर दिसते. त्याच्याही पुढे दोर आणि प्रतिभार हवा, नाहीतर सगळं खाली येईल. पोलादाचा दोर चालणार नाही, तो स्वतःच्या वजनानंच तुटेल. आता दोर वरच्या स्टेशनजवळ तुटला तर तुटल्या जागेच्या वरचा भाग बाहेर भिरकावला जातो, खालचा पडतो. पण तो सरळ ढिगात पडत नाही. वरच्या टोकाला आडवा वेग जास्त असतो, म्हणून ते पडता पडता पुढे सरकतं आणि दोर पूर्वेकडे जमिनीला गुंडाळत जातो. पृथ्वीचा घेर ४०,०७५ किमी, म्हणजे जवळजवळ पूर्ण एक वेढा. मालिकेत साम्राज्याच्या राजधानीवर, ट्रँटॉरवर, दोर शहराचे मजले कापत जातो ते यामुळे.

काका (ए-५०१): आणि ट्रँटॉर म्हणजे पुस्तकात ४० अब्ज लोकांचं एकच शहर. शेत नाही. २० शेतीच्या ग्रहांवरून जहाजं अन्न आणतात तेव्हा चूल पेटते. आपल्याकडे एक दिवस भाजीचा टेम्पो आला नाही तर ग्रुपवर ४० मेसेज पडतात 😀 असिमॉव्हचा मुद्दा हाच होता, रोमच्या ऱ्हासावरचा गिबनचा ग्रंथ डोळ्यांपुढे ठेवून लिहिलं त्यानं.

वहिनी (डी-३०४): बी-१०१, एक सांगा. आमच्याकडे बोलणं ऐकू येत नाही आणि स्फोट झाला की खालचे बेल वाजवतात. आणि राजवाड्यातले अंधारे प्रसंग म्हणजे नुसता काळा पडदा.

बी-१०१: वहिनी, हे क्रमानं करा.

आवाज आधी. मालिकेचा आवाज अनेक स्पीकरसाठी मिसळलेला आहे, संवाद मधल्या स्पीकरसाठी. टीव्हीला दोनच स्पीकर असले की संवाद दबतात. टीव्हीच्या साउंड सेटिंगमध्ये नाइट मोड किंवा क्लिअर व्हॉइस, जे असेल ते चालू करा. ॲपलची पेटी असेल तर त्यात ‘रिड्यूस लाउड साउंड्स’ आहे. तरीही इंग्रजी सबटायटल ठेवाच, ग्रहांची नावं कानानं कळत नाहीत.

चित्र. पॉवर सेव्हिंग आणि खोलीच्या उजेडानुसार आपोआप मंद होणारा सेन्सर, दोन्ही बंद. काळा पडदा बहुतेक वेळा यामुळेच होतो. डॉल्बी व्हिजन दिसत असेल तर दिवसा ‘ब्राइट’, रात्री ‘डार्क’. मोशन स्मूदिंग बंद, नाहीतर एवढी महागडी मालिका दुपारच्या सीरियलसारखी गुळगुळीत दिसते.

चित्र मधूनच पुसट होत असेल तर फोरकेला २५ एमबीपीएस लागतात. राउटर शू-रॅकमागे असेल तर प्लॅन १०० चा असून बेडरूममध्ये १५ पोचतात. ५ गिगाहर्ट्झवर जोडा, पण मध्ये दोन भिंती असतील तर थेट केबल टाका.

डी-१०२: क्लबहाउसच्या प्रोजेक्टरवर सगळे मिळून बघूया का? दर शनिवारी दोन भाग.

बी-१०१: नको. सबस्क्रिप्शन घरगुती वापरापुरतं असतं, हॉलमध्ये चारचौघांत दाखवायला चालत नाही. शिवाय बरेच प्रोजेक्टर अशा ॲपवर काळं चित्र देतात. एचडीएमआयच्या साखळीत कुठेही जुना स्प्लिटर असला की कॉपी-संरक्षण अडतं, आवाज येतो, चित्र नाही.

सेक्रेटरी: क्लबहाउसचा विषय मीटिंगमध्ये घ्यावा. टाकीबद्दल वरचा मेसेज सर्वांनी वाचला का?

बी-४०२: वाचला सर 👍 काका, आता पुस्तकं घ्यायची तर कुठून सुरू करू? दुकानात सात दिसतात.

काका (ए-५०१): ज्या क्रमानं लिहिली त्याच क्रमानं. आधी १९५१, ५२, ५३ ची त्रयी. नंतर १९८२ आणि १९८६ ची दोन. त्यानंतर १९८८ आणि १९९३ ची, जी सेल्डनच्या आधीच्या आयुष्याची आहेत. काही जण कालक्रम लावून शेवटची दोन आधी वाचायला सांगतात. तसं करू नका, डेमर्झेल कोण हे त्यात फुटतं. सगळं वाचायला वेळ नसेल तर दुसऱ्या पुस्तकाचा उत्तरार्ध ‘द म्यूल’ तरी तिसऱ्या सीझनच्या आधी वाचा. सेल्डनचं गणित जमावाचं, आणि म्यूल हा एकटा माणूस त्या गणितात बसत नाही. ताईंच्या तक्रारीला असिमॉव्हनं १९४५ सालीच दिलेलं उत्तर आहे ते.

डोळ्यांचा त्रास असेल त्यांच्यासाठी: बीबीसीनं १९७३ मध्ये त्रयीचं आठ भागांचं नभोनाट्य केलं होतं. सगळी मजा बोलण्यात असल्यामुळे रेडिओवर ते जास्त मूळाबरहुकूम उतरलंय.

ताई (सी-२०३): मुलांना आधी मराठीतलं द्यायचं तर नारळीकर. ‘यक्षांची देणगी’पासून सुरुवात करा. मालिकेचा पहिला सीझन २०२१ च्या नोव्हेंबरात संपला आणि पुढच्याच महिन्यात इथे नाशिकला ९४ वं साहित्य संमेलन, अध्यक्ष नारळीकर.

डी-१०२: तिसऱ्या सीझनच्या शेवटी म्यूलबद्दल जे कळतं ना, ते तर

वहिनी (डी-३०४): थांब!!! पुढे टाइप करू नकोस.

काका (ए-५०१): पुस्तक वाचलेल्यांनाही ते माहीत नाही बरं का. तिथे मालिकेनं वेगळंच केलंय. खरंच टाकू नकोस.

डी-१०२: 🤐

बी-४०२: ताई, पोरानं नाणं १०० वेळा उडवलं. छाप ५७. तुमचं गणित चुकलं म्हणतोय.

ताई (सी-२०३): नाही चुकलं. १०० मध्ये ७ किंवा जास्तीचा फरक साधारण पाचांत एकदा पडतोच. त्याला १०,००० वेळा उडवायला सांगा.

बी-४०२: बसलाय. पाट्यावर खणखण चालू आहे. खालच्या मजल्यानं क्षमा करावी.