टफ्टिंग गनने गालिचा 'विणतात' का?

सुतावरून
एका भाषांतरात अडकले आहे. मैत्रीण नाशिकला टफ्टिंगची दोन दिवसांची कार्यशाळा घेते. तिच्या पत्रकाचा मराठी मजकूर माझ्याकडे आहे. पहिलीच ओळ लिहिली, 'टफ्टिंग गनने गालिचा विणायला शिका.' तिच्या सासूबाई इचलकरंजीच्या, माहेरी माग होते. त्यांनी कागद परत केला. "ताणा नाही, बाणा नाही, विणलंत काय?"

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: लाकडी चौकटीला बारीक खिळ्यांच्या पट्ट्या असतात, त्यावर कापड ढोलकीच्या पानासारखं ताणून बसवायचं. गन कापडाला दाबून धरायची आणि खालून वर न्यायची. सुई सूत पलीकडे ढकलते, आतली कात्री ते कापते. शेवटी मागच्या अंगाला लॅटेक्स, म्हणजे रबरी चीक, फासतात, त्यावर दुसरं कापड चिकटवतात. हे विणणं नाही, शिवणं नाही, भरतकामही म्हणवत नाही. मग क्रियापद काय? आणि 'टफ्ट' (सुताचा एकेक झुबका), 'पाइल' (पुढच्या बाजूला उभं राहिलेलं मऊ सूत) यांना मराठीत काय म्हणू?

पेठेतला
सासूबाईंना माझा नमस्कार सांगा आणि विचारा, स्वेटरला ताणा-बाणा कुठे असतो? तरी आपण स्वेटर विणतोच. बाज विणतो, कोळी जाळं विणतो. 'विणणे' मागाच्या मालकीचं कधीच नव्हतं.

जाता जाता: पत्रकात 'छोटे गालिचे' लिहू नका. फारसीत 'गाली' म्हणजे मोठा, 'गालीचा' म्हणजे लहान. बागेचा बगीचा होतो तसाच. छोटा गालिचा म्हणजे छोटुकलं पिल्लू.

सुतावरून
स्वेटरमध्ये धागा धाग्यात अडकतो, काका. इथे लॅटेक्स लावण्याआधी एक टोक ओढलं तर अख्खी ओळ हातात येते. आणि 'छोटे गालिचे' तसंच राहणार. लोक फारसी शिकून कार्यशाळेला येत नाहीत.

लूपहोल
मी वर्षभर हे करतेय. २०२० च्या टाळेबंदीत व्हिडिओ बघून नाद लागला, गन नंतर घेतली. आम्ही सरळ 'टफ्ट करतेय' म्हणतो, कुणाचं काही अडत नाही. खरी अडचण 'गन'ची आहे. पार्सलवर तो शब्द वाचून आमच्या वॉचमनने मला खाली बोलावून घेतलं आणि दोन हात लांब उभा राहिला. पत्रकात 'यंत्र' लिहा.

आणि अक्षरं उलटी काढायची हे ठळक छापा. काम मागच्या बाजूने चालतं. आईसाठी पहिलं पायपुसणं केलं, त्यावर हौसेने 'या, बसा' सरळ लिहिलं. पुढून बघितलं तर आरशातलं. आई म्हणाली, "असू दे, पाहुणे तरी लवकर जातील."

भाताचं_खाचर
तुमचं वर्णन वाचून मला आमचं खाचर आठवलं. दोन-तीन रोपं चिमटीत धरायची, चिखलात खोचायची, पुढे सरकायचं. त्या दोन-तीन रोपांना आम्ही चूड म्हणतो. कृषी विद्यापीठाची माणसंसुद्धा 'एका चुडात दोन ते तीन रोपे' असंच सांगतात. टफ्ट म्हणजे चूड, टफ्टिंग म्हणजे लावणी. शब्द तयार आहे, शोधता कशाला?

पेठेतला
'गालिच्याची लावणी शिका' असं छापा. लोक फेटे बांधून येतील.

रोवणीवाली
लावणी तुमच्या कोकणात. आमच्या भंडारा-गोंदियात धानाची रोवणी असते, आणि इथे तोच शब्द बसतो. लावतात तर पावडरही. पण सुई सूत आत रोवते. 'सूत रोवून केलेला गालिचा', वाचा बरं एकदा मोठ्याने.

भाताचं_खाचर
कार्यशाळा नाशिकला आहे ना? तिकडे इगतपुरीला आवणी म्हणतात. मग तेच छापा.

अटलांटाकर
इथे अमेरिकेत, अटलांटाहून दोनेक तासांवर डाल्टन नावाचं गाव आहे, टफ्टिंगच्या धंद्याची पंढरी. १८९५ मध्ये कॅथरीन एव्हान्स या मुलीने हाताने टफ्ट केलेली पलंगाची चादर बनवली. १९०० मध्ये तिने अशी एक चादर अडीच डॉलरला विकली. मग गावोगावच्या बायका ते काम करू लागल्या, पुढे यंत्रं आली आणि चादरींवरून धंदा कार्पेटवर गेला. रस्त्याकडेला दोऱ्यांवर मोराच्या चादरी वाळत घालून विकायचे, म्हणून तो रस्ता 'पीकॉक ॲली'. त्या जाड सुताला इंग्रजीत मेणबत्तीच्या वातीचं नाव होतं. म्हणून माझं मत 'वात'. आजी बोटांवर कापूस वळायची, तशाच दिसतात त्या.

रोवणीवाली
वात पायाखाली घ्यायची? आमच्या घरी चालणार नाही.

सुतावरून
'पाइल'चं कुणी बोलेल का?

पेठेतला
त्याला अस्सल शब्द आहे: लव. मखमलीची लव म्हणतोच आपण. संस्कृतात 'लू' म्हणजे कापणे, त्यावरून 'लव' म्हणजे कापलेली लोकर. तुमची कात्रीवाली गन कापते तेच. यापेक्षा चोख काय हवं?

लूपहोल
आणि न कापणारी गन असते तिचं काय? तिच्यात सुताचे वेढे तसेच राहतात, टर्किश टॉवेलसारखे. तुमच्या व्युत्पत्तीने ती लव नाहीच.

भाताचं_खाचर
ही 'लव' त्या 'लू'ची नव्हेच. अंगावरची लव ती 'लोम'वरून आलेली वाटते. गालावरची लव काय कापलेली असते?

पेठेतला
दाढीवाल्याला विचारा.

अटलांटाकर
माझ्या मुलीने हे वाचून विचारलं, "बाबा, कार्पेटला लव्ह का करायचंय?"

रोवणीवाली
एक गंभीर मुद्दा. 'विणलेला' छापू नका, कारण गिऱ्हाईक फसतं. उत्तर प्रदेशातल्या भदोहीचा गाठी मारलेला गालिचा उलटा केला की मागे एकेक गाठ दिसते, नक्षीसुद्धा. टफ्ट केलेल्याच्या मागे चिकटवलेलं कापड असतं. भावाने प्रदर्शनात 'हाताने विणलेला' म्हणून घेतला, दोन पावसाळ्यांत मागून पिठासारखी भुकटी पडायला लागली. लॅटेक्स सुकलं होतं. शब्दाचेच पैसे गेले त्याचे.

पेठेतला
हे मान्य. पण दोष विकणाऱ्याचा, क्रियापदाचा नाही.

सुतावरून
पत्रक छापायला गेलं. 'टफ्टिंग यंत्राने गालिचा करायला शिका.' सासूबाईंना पसंत आहे. लव आत घातली, वेढ्यांची आणि कापलेली अशा दोन्ही. लूपहोल, अक्षरांचं ठळक केलंय.

भाताचं_खाचर
'करायला'? पोळ्या आहेत का त्या? चूड का सोडलंत?

रोवणीवाली
बरं केलं सोडलं. चूड म्हणजे पेटती मशाल ना? 'घराला चूड लावली' म्हणतात. गालिच्याला चूड लावायला शिकवणार होतात?

भाताचं_खाचर
ती चूड निराळी. ती झावळ्यांची. म्हणजे… तीही जुडीच बांधलेली असते खरी. आईला विचारून सांगतो.